शेडी सँड्स कोणी वसवलं? फॉलआउट मालिकेची सुसंगती आणि आपल्या अपेक्षा

मसुंदाकाठ (धागालेखक)

स्पॉयलर आहेत, खेळांचेही आणि वेब सिरीजच्या पहिल्या सीझनचेही. ज्यांना नको असतील त्यांनी इथूनच परतावं.

गेल्या महिन्यात बहिणीकडे ऐरोलीला गेलो होतो. भाचा अकरावीत आहे. त्याने खेळ एकही खेळलेला नाही, पण सिरीज दोनदा बघून झाली आहे. जेवताना त्याने विचारलं, "मामा, ते शेडी सँड्स बॉम्बने उडवतात ना, ते मुळात होतं काय? सगळे त्याच्यासाठी एवढे का रडतात?" माझा घास हातातच राहिला. त्या गावात मी गेलोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे विटामातीची चार घरं, एक विहीर आणि वेशीवर एक पहारेकरी एवढंच होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला फॉलआउट हा कॉम्प्युटर गेम १९९७ चा, इंटरप्ले कंपनीचा. २३ ऑक्टोबर २०७७ ला अणुयुद्ध होऊन जग संपतं आणि आपली गोष्ट २१६१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू होते. आपण व्हॉल्ट १३ नावाच्या भुयारी आश्रयस्थानातून बाहेर पडतो. आतल्या लोकांचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडलेली असते आणि नवी शोधायला १५० दिवस असतात. वाटेत पहिलं गाव लागतं ते शेडी सँड्स. तिथल्या प्रमुखाची मुलगी टँडी. तिला लुटारू पळवून नेतात. सोडवायचं की नाही ते आपल्यावर. खेळ जबरदस्ती करत नाही.

२००१ च्या मे महिन्यात नौपाड्यात आतेभावाकडे मी हा खेळ खेळलो. घरात एकच कॉम्प्युटर, त्यामुळे एकाने माउस धरायचा आणि दुसऱ्याने वही. दोनशे पानी वहीत गावं, माणसं, कोण काय बोललं, कोणाकडे किती पाणी, सगळं लिहायचो. टँडीला आम्ही सोडवलं. वहीत तिच्या नावापुढे आतेभावाने लिहिलं होतं, "घरी पोचवली."

मग दुसरा भाग लावला. तो १९९८ चा, ब्लॅक आयलने केलेला. गोष्ट ८० वर्षं पुढे, २२४१ मध्ये. आपण पहिल्या नायकाच्या नातवंडांपैकी एक. फिरत फिरत न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक नावाच्या मोठ्या राज्याच्या राजधानीत पोचलो. तिथे कळलं की ही राजधानी म्हणजेच ते चार घरांचं शेडी सँड्स. आणि राष्ट्राध्यक्षा कोण? टँडी. म्हातारी झालेली, पण तीच.

आम्ही दोघं उठून उभे राहिलो होतो. आत्या आतून धावत आली, काय झालं म्हणून.

मला या धाग्यात जे म्हणायचंय ते एवढंच आहे. या मालिकेने आपल्याला तिथे एक शब्द दिला: तू जे करशील ते हे जग विसरणार नाही. पुढच्या प्रत्येक भागाकडून आपण जे मागतो, ज्यावरून वीस-बावीस वर्षं भांडतोय, त्याच्या मुळाशी हा शब्द आहे. साल चुकलं, बंदुकीचं मॉडेल चुकलं, ते वरवरचं. खरा प्रश्न हा की केलेलं काम पुढे उभं दिसतं का.

सिरीजची गोष्ट २२९६ मधली, त्याच कॅलिफोर्नियातली. तिथे शेडी सँड्सच्या जागी मोठा खड्डा आहे. मला राग आला असं नाही. पण भाच्याला काय सांगावं ते पटकन सुचलं नाही. तुमचं काय म्हणणं?

उपवन_सकाळ

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

कोपरीकर

मसुंदाकाठ, वहीचं वाचून अंगावर काटा आला. पण साल वरवरचं म्हणताय तिथे मी असहमत.

सिरीजमध्ये व्हॉल्ट ४ च्या वर्गात फळा दाखवलाय. त्यावर शेडी सँड्सचं पतन २२७७ असं लिहिलंय आणि पुढे बाण काढून स्फोटाचा ढग. आता न्यू व्हेगास या खेळाची गोष्ट २२८१ ची. त्यात याच रिपब्लिकचं सैन्य मोहावेत ठाण मांडून आहे, हूवर धरणासाठी लढतंय, सैनिक घरच्या आठवणी सांगतायत. राजधानी चार वर्षांपूर्वी जळली असती तर एकाच्या तरी तोंडी ते आलं असतं. ६० तास खेळा, कुणी बोलत नाही.

नंतर आता हे खेळ करणाऱ्या बेथेस्डा कंपनीच्या टॉड हॉवर्डनी मुलाखतीत सांगितलं की बॉम्ब न्यू व्हेगासच्या घटनांनंतर लगेच पडला. ठीक. पण हे मुलाखतीत का सांगावं लागतं? फळ्यावर एक ओळ जास्त लिहिली असती तर काम झालं असतं. शिवाय जागा. खेळाच्या नकाशात शेडी सँड्स जुन्या लॉस एंजेलिसच्या बरंच उत्तरेला आहे, सिरीजमध्ये ते शहराच्या अंगणात आणून ठेवलंय. ठाणे कल्याणच्या पलीकडे दाखवलं तर आपण गप्प बसू का?

साल आणि जागा हीच जगाची हाडं असतात. ती निखळली की तुम्ही म्हणता तो शब्दही उभा राहत नाही.

नौपाडा_इतिहास

मी शाळेत २६ वर्षं इतिहास शिकवला. खेळ मुलामुळे सुरू केला, न्यू व्हेगासपासून. फळ्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे.

फळा लिहिला कोणी? ज्यांचं गाव जळलं, जे जीव वाचवून एका भुयारात शिरले, त्यांनी, आपल्या मुलांना शिकवण्यासाठी. ही बखर आहे, अस्सल कागद नव्हे. बखरकार घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, आठवणीवर आणि ऐकीव गोष्टींवर लिहितो. त्याच्या सालात घोळ असतो, पण भावना खरी असते. राजवाड्यांनी म्हणूनच आयुष्यभर घरोघरी हिंडून समकालीन पत्रं गोळा केली. बखर फेकून द्यायची नसते. तिला काय विचारायचं आणि काय नाही, ते कळायला हवं. त्या फळ्याला "कधी" विचारू नये. "काय गेलं" ते विचारावं.

दुसरं असं की, पतन आणि स्फोट मध्ये बाण घालून वेगळे काढले आहेत. मराठेशाहीचं पतन म्हणून आपण १८१८ लिहितो, पण उतरण किती आधीपासून होती! न्यू व्हेगासमध्येही ते राज्य कर, भ्रष्टाचार आणि लांबच लांब सरहद्द यांनी वाकलेलं स्पष्ट दिसतं. २२७७ हे त्या उतरणीचं साल त्या लोकांनी धरलं असेल, तर मला ते पटतं.

कोपरीकर

सर, आदरपूर्वक. बखरकाराची चूक ही त्याची अडचण असते, त्याच्याकडे साधनं नव्हती. इथे लिहिणाऱ्यांकडे सगळे खेळ होते. पात्राला चुकू द्यायचं असेल तर गोष्टीतच दुसरं कुणीतरी ती चूक दाखवायला हवं, तरच ती बखर. नाहीतर ती नुसती चूक, आणि आपण तिला बखरीचा अंगरखा घालतोय.

चांगलं उदाहरण देतो. दुसऱ्या भागात मायरन नावाचा पोरगा बढाई मारतो की जेट हे अमली द्रव्य मी शोधलं. चौथ्या भागात व्हॉल्ट ९५ मध्ये, युद्धाआधी लपवून ठेवलेल्या मालात, जेटचा साठा सापडतो. यावर लोक फार चिडले. मी नाही चिडलो, कारण मायरन खोटारडा आहे हे दुसऱ्या भागातच दिसतं. पण त्याच चौथ्या भागात एक मुलगा २१० वर्षं फ्रिजमध्ये अडकून जिवंत निघतो, अन्नपाण्याशिवाय. घूल, म्हणजे किरणोत्सर्गाने विद्रूप होऊनही जगत राहिलेला माणूस, आहे म्हणून चालतं म्हणे. पहिल्या भागात नेक्रोपोलिसच्या घूल लोकांची पाण्याची चिप आपण उचलून आणली आणि पंप दुरुस्त केला नाही, तर ते तहानेने मरतात. ते माझ्या हातून झालं होतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. मग सांगा, त्यांना पाणी लागतच नसेल तर मी वाईट कशाचं वाटून घेतलं?

मसुंदाकाठ

कोपरीकर, शेवटचं वाक्य अगदी पोचलं. तुम्ही आणि मी एकच म्हणतोय. तुम्ही ते पाण्यावरून म्हणताय.

उलट बाजूचं उदाहरण, सुसंगती कशी सांभाळावी याचं. पहिल्या भागात चलन बाटलीच्या बुचांचं, कारण हब शहरातले व्यापारी ती पाण्याच्या बदल्यात मान्य करतात. दुसऱ्या भागात राज्य मोठं झालेलं, म्हणून सोन्याची नाणी. तिसरा भाग पूर्व किनाऱ्यावर, तिथे पुन्हा बुचं, आणि का ते नीट कळत नाही. मग ऑब्सिडियन कंपनीला २०१० मध्ये न्यू व्हेगास करायचा होता, पश्चिमेचाच, आणि बुचं तर ठेवायची होती. त्यांनी काय केलं? ब्रदरहुड ऑफ स्टील या जुनं तंत्रज्ञान ताब्यात ठेवणाऱ्या चिलखती फौजेने युद्धात रिपब्लिकचे सोन्याचे साठे नष्ट केले, कागदी नोटांवरचा विश्वास उडाला, म्हणून हबच्या व्यापाऱ्यांनी बुचं परत आणली. एका अडचणीतून केवढा इतिहास उभा केला. शिवाय दुसऱ्या भागातला सोबती मार्कस तिथे डोंगरात गाव सांभाळताना भेटतो, कॅसिडीची मुलगी भेटते. हे फक्त १८ महिन्यांत.

खारघरची_पाऊलवाट

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी फॉलआउट ४ पासून आले, २०१६ मध्ये. तेव्हा एका ग्रुपवर विचारलं की पहिला भाग आता खेळावा का, तर उत्तर आलं, "चौथ्यापासून आलेल्यांना तो झेपणार नाही." त्यानंतर चार वर्षं मी कुठेच काही लिहिलं नाही. म्हणून आधी हे सांगते, की सुसंगतीची काळजी जुन्यांनाच असते असं नाही.

चौथ्या भागात मी सँक्च्युअरीत वस्ती उभी केली. पाण्याचा पंप, मक्याची रोपं, पलंग, दिवे. रोज कॉलेजातून येऊन अर्धा तास. मुख्य गोष्ट दोन महिने बाजूला पडली होती. तुम्हाला टँडी जशी, तशी मला ती वस्ती. उद्या पाचव्या भागात कुणी सहज म्हणालं की बॉस्टनच्या वस्त्या सगळ्या गेल्या, तर मलाही घास गिळवणार नाही.

आणि फॉलआउट ७६ बद्दल. त्याला सगळे शिव्या देतात, आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तो आला तेव्हा त्याची अवस्था वाईट होती हे मान्य. त्यात माणसंच नव्हती. आवाजाच्या टेप आणि रोबॉट. गोष्ट २१०२ ची, सगळ्या खेळांच्या आधीची, त्यामुळे इतक्या लवकर ब्रदरहुड वेस्ट व्हर्जिनियात कसं यावरूनही वाद. उपग्रहावरून संपर्क झाला असं दिलंय, मला पुरेसं वाटतं.

पण मी तो एप्रिल २०२० मध्ये खेळले. लॉकडाउन. खारघरचा आमचा एवढा रुंद रस्ता, आणि त्यावर एक माणूस नाही. आई-बाबा साताऱ्याला अडकलेले. मी फ्लॅटवर एकटी. त्याच महिन्यात वेस्टलँडर्स नावाचा भाग आला आणि त्या ओसाड जगात माणसं परत आली. पहिल्यांदा एका झोपडीबाहेर दोन बायका बोलताना दिसल्या तेव्हा मी नुसती उभी राहून ऐकत होते. माझ्याशी बोला म्हणून बटणसुद्धा दाबलं नाही.

लोकांनी "माणसं हवीत" म्हणून दीड वर्ष धरून ठेवलं आणि करणाऱ्यांनी ऐकलं. चाहत्यांच्या अपेक्षा म्हणजे नुसती कटकट असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मसुंदाकाठ

पाऊलवाट, त्या ग्रुपवर जे झालं ते फार चुकीचं होतं. तुमचा हा प्रतिसाद चार वर्षांपूर्वीच वाचायला मिळायला हवा होता. पहिला भाग खेळलात का शेवटी?

खारघरची_पाऊलवाट

हो, २०२१ मध्ये. १५० पैकी १३१ व्या दिवशी चिप नेऊन दिली. टँडीलाही सोडवलं.

जुनी_डिस्क

अवांतर वाटेल पण नाही. तिसरा भाग भारतात अधिकृतपणे आलाच नाही हे नव्या मंडळींना माहीत आहे का? ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की सांस्कृतिक संवेदनशीलतेमुळे तो इथे आणणार नाही. नेमकं कारण सांगितलं नाही. सगळ्यांनी तर्क केला तो गायींवरून. या खेळांत किरणोत्सर्गाने दोन तोंडं झालेल्या गायी असतात आणि त्यांना ब्राह्मिन म्हणतात, पहिल्या भागापासून. तो शब्द इथे कसा ऐकू येईल याचा विचार तिकडे १९९७ मध्ये कुणी केला नसणार. आम्ही मात्र वाट बघत होतो. माझ्या मित्राच्या भावाने दुबईहून डिस्क आणली आणि वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या घरी शनिवारी पाच जण जमायचो.

तर तिसऱ्या भागाबद्दल. बेथेस्डाने २००७ मध्ये ५७.५ लाख डॉलरला सगळे हक्क घेतले. त्यांनी गोष्ट देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टनला नेली, ते मला शहाणपणाचं वाटलं. दुसऱ्याने बांधलेल्या घरात लगेच भिंती पाडू नयेत. आणि दुवा म्हणून हॅरोल्ड आणला. पहिल्या दोन भागांतला तोच, डोक्यात झाड उगवलेला. आता झाडच झालेला, जमिनीत रुजलेला, आणि भोवतीचे लोक त्याची पूजा करतायत. तो मरण मागतो. त्याच्यापुढे मी किती वेळ बसलो होतो.

खटकलं ते वेगळंच. २२७७, म्हणजे युद्धाला २०० वर्षं झाली. तरी हॉटेलात टेबलावर सांगाडे तसेच, दुकानात डबाबंद खाणं तसंच, गावाजवळ एक शेत नाही. घोडबंदर रोड मी पंचवीस वर्षं बघतोय. दोन्ही बाजूला झाडी आणि मधून ट्रक, असा होता तो. आज माझ्या मुलीला ते खोटं वाटतं. माणूस जिथे राहतो तिथे झाडतो, पेरतो, बांधतो. पश्चिमेला ८० वर्षांत राज्य उभं राहिलं आणि पूर्वेला २०० वर्षांत कुणी केर काढला नाही, हे मला सालाच्या चुकीपेक्षा मोठं विसंगत वाटतं.

शेवटाचं मात्र त्यांनी ऐकलं. किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत जाऊन मरायचं असा शेवट होता, आणि शेजारी फॉक्स हा म्यूटंट सोबती उभा, ज्याला किरणोत्सर्गाने काही होत नाही, तरी तो जायला नकार द्यायचा. २००९ मध्ये ब्रोकन स्टील आलं आणि तो जाऊ लागला.

घणसोली_गावठाण

दोन दिवस विचार करून लिहितोय.

आम्ही इथले, आगरी. आजोबांची भातशेती होती, खाडीच्या बाजूला मिठागरात काम करायचे. १९७० ला सिडको आली. ९५ गावांची जमीन घेतली आणि नवं शहर आखलं. १९८४ ला दि. बा. पाटलांच्या मागे आमची माणसं रस्त्यावर उतरली, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा प्रश्न पुढे सरकला. आज नकाशावर सेक्टर नंबर दिसतात. बाहेरून आलेला माणूस म्हणतो, इथे आधी काही नव्हतं, नुसती दलदल.

हे "काही नव्हतं" मी लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून शेडी सँड्सचा खड्डा बघून मला काय झालं ते सांगणं कठीण आहे. साल बरोबर की चूक हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या डोक्यात आलं ते पहिल्या भागातलं शेत. त्या गावात एक शेतकरी असतो, त्याला पिकं आलटून पालटून घेण्याबद्दल आपण समजावू शकतो. मी ते केलं होतं, कारण आजोबा तसंच बोलायचे. ते गाव कुणा वीराने नाही, पेरणाऱ्या लोकांनी वाढवलं. आणि ते गेलं कसं? पडद्यामागे, दोन भागांच्या मध्ये, एका माणसाच्या खासगी रागातून.

तरी सिरीजवाल्यांना एक गोष्ट द्यावी लागेल. त्यांनी ते गाव विसरू दिलं नाही. व्हॉल्ट ४ मधले वाचलेले लोक एकत्र जमून स्मरण करतात. नायिकेला ते विचित्र वाटतं, घाबरते ती. मला नाही वाटलं. आमच्याकडेही गावदेवीची जत्रा त्याच तिथीला भरते, शेत राहिलं नाही तरी. आणि मॅक्झिमस, तो त्या गावाचा पोरगा, लहानपणी फ्रिजमध्ये लपून वाचलेला. ब्रदरहुडच्या चिलखतात घातला तरी मनाने तो तिथलाच आहे.

नौपाडा सर बखर म्हणाले, ते मला पटलं. पण सर, बखर लिहिणाराही कुणीतरी राहायला लागतो. मला अपेक्षा एवढीच की पुढच्या भागात, खेळात नाहीतर सिरीजमध्ये, एक तरी म्हातारं माणूस भेटावं जे सांगेल की विहीर कुठे होती.

नौपाडा_इतिहास

गावठाण, तुमच्या आजोबांच्या मिठागराबद्दल स्वतंत्र धागा काढा. नक्की काढा.

कोपरीकर

मी मघाशी हाडं म्हणालो. गावठाण यांचं वाचल्यावर वाटतंय की मी नकाशा मोजत बसलो आणि विहीर विसरलो. साल चुकलंय हे माझं मत तसंच आहे. पण आता मला ते दुसऱ्या नंबरवर ठेवावंसं वाटतं.

उपवन_सकाळ

रुमाल टाकला होता, पण सगळं लिहून झालंय. एकच विचारतो. न्यू व्हेगासचे चार शेवट आहेत: रिपब्लिक, सीझरची फौज, मिस्टर हाउस, नाहीतर स्वतंत्र व्हेगास. सिरीज आता व्हेगासला पोचली आहे. ज्याने सीझरला जिंकवलं त्याचंही जग खरं, ज्याने धरण रिपब्लिकला दिलं त्याचंही खरं. मग मसुंदाकाठ म्हणतात तो शब्द सगळ्यांना पाळून कसा दाखवणार?

मसुंदाकाठ

उपवन, यावर दोन रात्री विचार केला. सगळ्यांना पाळून दाखवता येणार नाही. दुसऱ्या भागालाही जमलं नव्हतं. ज्यांनी टँडीला लुटारूंकडेच सोडलं त्यांच्यासाठीही ती राष्ट्राध्यक्षा झालीच. लिहिणाऱ्यांनी एक रस्ता निवडला. पण निवडलेल्या रस्त्यावर त्यांनी माणसं, पैसा, कायदे, भांडणं सगळं उभं केलं, म्हणून दुसऱ्या रस्त्याने आलेल्यालाही ते पटलं. सिरीजच्या कर्त्यांनी एकही शेवट अधिकृत ठरवायचा नाही अशी भूमिका घेतली आहे. मला त्यातली भीती समजते. तरी मी म्हणेन, निवडा. माझा शेवट नसला तरी चालेल. निवडा आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत दाखवा. धुक्यात ठेवलेलं जग कुणाचंच नसतं.

भाच्याचं सांगायचं राहिलं. गावठाण यांचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. मग आतेभावाकडून ती वही मागवली. कव्हर गेलंय, पण पानं शाबूत आहेत. वहीतली शेडी सँड्सची पानं काढून ठेवली आणि बाकी वही त्याला दिली, पहिल्या भागासकट. गेल्या रविवारी सुरू केलाय त्याने. चित्रं जुनी म्हणून कुरकुरेल असं वाटलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी विचारत होता की दोरी कुठे मिळेल.

काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. "मामा, विहीर सापडली. प्रमुखाची मुलगी बेपत्ता आहे म्हणतायत. चिपचे दिवस कमी होतील, जाऊ का तिला शोधायला?"

मी लिहिलं, तुझं तू ठरव.

सकाळी साडेसहाला उत्तर होतं: "घरी पोचवली."